भरल्या गाडीची हवा

पैज लागली तेव्हा रागाच्या भरात एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. जिंकायचं असेल तर बाळाची झोप मोडायला हवी होती.

बाळाची झोप! गेले आठ महिने अख्खं घर त्या झोपेच्या तालावर चालत होतं. दाराची बेल काढून फडताळात ठेवली होती. मिक्सर बाथरूममध्ये नेऊन, दार लावून, वर टॉवेल टाकून फिरवला जायचा. सासूबाईंना शिंक आली की त्या गॅलरीकडे पळायच्या, आणि बऱ्याचदा शिंक त्यांच्या आधी पोचायची. कुणाचा आवाज जरा चढला की आतल्या खोलीतून तिचा तो प्रसिद्ध ‘शूऽऽऽ’ यायचा. नवरा म्हणायचा, आमच्याकडे बाळाचं रडणं कमी, हवा सुटणारी ट्यूबच जास्त ऐकू येते.

बाळाला सगळे गोटू म्हणत. गोटू झोपायचा तेव्हा इतका गाढ झोपायचा की ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची, आणि त्या बोटानंच तो जागा व्हायचा. तिचा तरी काय दोष! ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, सध्या बाळासाठी रजेवर. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात जंतू शोधायचे, हाच तिचा पेशा. त्यामुळे सगळं ठीक दिसलं की तिला जास्तच संशय यायचा.

तर पैज लागली ती धुडावरून.

धूड म्हणजे सासऱ्यांच्या मागे राहिलेला जुना ट्रक. पुढे दोघांची सीट, मागे तिघांची, त्यामागे उघडा हौदा, आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना. नदीनाले तुडवायला जन्माला आलेलं हे जनावर नवऱ्याच्या हातात आल्यापासून भाजी आणायला जात होतं. नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. संगणकाच्या पडद्यावर त्यानं इतके डोंगर पालथे घातले होते, की खऱ्या डोंगरावर जायची त्याला घाई नव्हती. पण ‘कधी गेलोच तर’ म्हणून धूड हवंच होतं.

महिन्यापूर्वी धुडाची मागची चाकं एका खड्ड्यात गेली. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे म्हातारपणानं कधीच सपाट झाले होते. गाडीची मागची बाजू अशी काही आपटली, की गोटूची खुर्ची पट्ट्यांसकट उडाली आणि त्याचं डोकं खुर्चीच्या कडेला लागलं. लागलं म्हणजे टेंगूळसुद्धा आलं नाही. पण रडू फुटायच्या आधी तो क्षणभर गप्प राहिला होता. तो क्षण तिच्यापुरता अजून संपला नव्हता. त्या दिवसापासून ती धुडात बसली नव्हती, आणि गोटूलाही बसू दिलं नव्हतं.

“विकून टाक,” ती म्हणाली. “लहानशी, शहाणी गाडी घेऊ. जिचं दार दोरीनं बांधावं लागत नाही अशी.”

“दोरी एकाच दाराला आहे.”

“तेच दार माझ्या बाजूचं आहे.”

“अगं, पाटे दमलेत, बाकी गाडी वाघ आहे. मागे एअर शॉक बसवतो. हवेवर तरंगेल. गोटू असा झोपेल ना, की—”

“गोटू? त्या गाडीत? झोपेल?”

“ताईच्या घरापर्यंत झोपेल. खाणीच्या रस्त्यानं! बोल.”

ताई म्हणजे तिची नणंद. नणंद आणि तिचा नवरा दगडाच्या खाणीपलीकडे टेकडीवर घर बांधत होते. तिथपर्यंतच्या रस्त्याला रस्ता म्हणणं हा त्यांचा मोठेपणा होता.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “रविवारी जाऊ. घाटाच्या पायथ्यापासून ताईंच्या फाटकापर्यंत गोटू झोपून राहिला तर ठेव तुझं धूड. उठला, तर सोमवारी विकायचं. आणि मुद्दाम कुणी हलवायचं नाही, चिमटे काढायचे नाहीत.”

“चिमटे कोण काढणार?”

“मी स्वतःलाच बजावतेय.”

कोपऱ्यात बसून सुईत दोरा ओवणाऱ्या सासूबाई न विचारता म्हणाल्या, “पंच मी.” त्यांचा कल कुणाकडे आहे हे कुणालाच कळलं नाही. धूड त्यांच्या नवऱ्याचं होतं, पण त्याच धुडातून उतरताना त्यांचा गुडघाही कायमचा गेला होता.

शॉकवाल्याकडे जाताना ती सोबत गेली. नवऱ्यानं कौतुकानं विचारलं, “आवड निर्माण झाली का?” तिला पाळत ठेवायची होती. शॉकवाला गाडीखाली पाठीवर आडवा होऊन बोलत होता. त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण ते एकदाही मिटलं नसावं.

“साधा शॉक काय करतो वहिनी, उसळी आवरतो. वजन उचलत नाही. याच्या अंगावर बघा, ही रबराची पिशवी. हिच्यात हवा भरली की मागची बाजू उचलून धरणार. भार जास्त, हवा जास्त. दोन्ही बाजूंना वेगळी नळी दिलीय, म्हणजे वळणावर इकडची हवा तिकडे पळणार नाही. नळ्या सायलेन्सरपासून लांब बांधल्यात, नाहीतर वितळतात. एकच सांगतो, सगळी हवा कधी काढायची नाही. पिशवी दुमडून फाटते. बाकी गाडी नाही, पाळणा झाला म्हणून समजा. माझ्या स्वतःच्या गाडीला हेच लावलेत.”

तिनं दाराबाहेर नजर टाकली. तिथे त्याची मोपेड उभी होती.

या सगळ्या व्याख्यानातून नवऱ्यानं दोनच शब्द उचलले: ‘हवा जास्त’. मागच्या बंपरखाली नंबराच्या पाटीशेजारी दोन लहान तोंडं काढून दिली होती, सायकलच्या ट्यूबला असतात तशी. घरी आल्यावर त्यानं हौद्यात शेजारच्या बांधकामावरून वाळूची पोती आणून टाकली आणि पंपानं हवा भरत गेला. बसलेलं धूड हळूहळू उठलं आणि सरळ उभं राहिलं. मग डॅशबोर्डवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून त्यानं गल्लीतले सगळे खड्डे हुडकून काढले. परत आला तेव्हा पेला भरलेला होता आणि त्याचा चेहरा तर ओसंडून वाहत होता.

“एक थेंब सांडला नाही! हवा म्हणजे उशी गं. जितकी हवा, तितकी मऊ.”

पोती त्यानं परत केली. हवा तशीच ठेवली. रिकामं धूड मागून इतकं उंच झालं, की अंगावर पाणी टाकलेल्या मांजरानं शेपूट उभारावी तसं दिसू लागलं.

शनिवारी संध्याकाळी ती गोटूला बाबागाडीतून फिरवायला निघाली. उत्साहाच्या भरात नवऱ्यानं बाबागाडीच्या चाकांतही टम्म हवा भरून ठेवली होती. रोज फरशीच्या ज्या पट्ट्यावरून गोटू पेंगत जायचा, त्याच पट्ट्यावर आज खडखड खडखड सुरू झाली. त्याचे गाल थरथरले, डोळे टक्क उघडले. ती थांबली. वाकून चाकांची बरीचशी हवा सोडली. पुन्हा ढकललं, तर बाबागाडी लोण्यातून गेल्यासारखी गेली आणि दिव्याच्या खांबाशी पोचेपर्यंत गोटूची मान कलली.

ती खांबाशीच उभी राहिली. मग घरी येऊन, कुणी बघत नाही असं पाहून, तिनं धुडाच्या मागच्या बाजूवर दोन्ही हातांनी सगळं अंग टाकलं. धूड तसूभरही दबलं नाही. दगडावर रेटा द्यावा तसं.

म्हणजे ती हवा पोत्यांसाठी होती! भार होता म्हणून पेला सांडला नाही. आता भार गेला आणि हवा राहिली. उद्या खाणीच्या रस्त्यावर ही उशी विटेसारखी उसळणार. पायथ्याचा पहिलाच खड्डा आणि गोटू किंचाळत जागा. सोमवारी शहाणी गाडी.

नवऱ्याला सांगायला ती आत गेलीसुद्धा. तो आरशासमोर दाढी करत शीळ घालत होता. हल्ली शीळ बिनआवाजाची घालायची त्याला सवय झाली होती.

“काय गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “टॉवेल.”

टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

मग तिनं आपल्या मनाची समजूत घातली. गोटूच्या खुर्चीत दोन उशा जास्त घालू. त्याची मान धरून बसू. नवऱ्याला सांगू, मुंगीच्या पावलानं चालव. एकदा उठू दे, की लगेच थांबवू. एकदाच काय ते, आणि मग जन्माची कटकट मिटली. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं, आणि तरीही तिला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी ती गोटूला घेऊन खाली आली, तर हौद्याजवळ गडबड. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून हुकूम सोडत होत्या, आणि नवरा व वरच्या मजल्यावरचा प्लंबर एक लोखंडी कपाट हौद्यात चढवत होते. आत आधीच फरश्यांचे खोके रचलेले होते. पायांनी चालवायचं जुनं शिवणयंत्र बिडाच्या स्टँडसकट दोरीनं आवळलेलं होतं. कोपऱ्यात सिमेंटची पोती बसली होती.

“आई, हे काय?” तिचा आवाज तिलाच चिरका वाटला.

“लेक-जावई घर बांधतायत. रिकाम्या हातानं जाऊ?”

“पण हे... हे हातात मावणारं आहे का?”

“म्हणून तर गाडी आहे. ह्यांनी उगाच घेतली होती होय? आणि कपाट रिकामं नाही हं, आत पितळेची भांडी भरलीत. जपून रे!”

तिनं मागे जाऊन पाहिलं. शेपूट उभारलेलं मांजर शहाण्यासारखं खाली बसलं होतं. धूड सरळ, समतोल, अगदी फोटो काढावा असं उभं होतं. आता बोलायची सोय नव्हती. काय सांगणार? कपाट उतरवा, नाहीतर गाडी नीट चालेल म्हणून?

गोटू गावाबाहेर पडायच्या आतच झोपला. पायथ्याशी नवऱ्यानं आरशातून बघून भुवया उडवल्या: सुरू! तिनं हात गोटूच्या मानेमागे घातला. पहिला खड्डा आला. धूड त्यात गेलं आणि एखादी जाडजूड बाई मऊ सोफ्यावर बसून उठावी तसं बाहेर आलं. दुसरा आला. तिसरा तर खड्डा नव्हताच, तिथे रस्त्याचा अर्धा भाग पावसाळी ओढ्यानं नेला होता. एक चाक वर, एक खाली, तरी धूड न घसरता, न आपटता चढत राहिलं. गोटूच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक लाळेची तार लोंबत होती. तीसुद्धा तुटली नाही.

“पाळणा!” नवरा कुजबुजला.

“समोर बघ,” ती कुजबुजली.

पुढच्या सीटवर सासूबाई डुलक्या काढू लागल्या. वळणावर खाणीचा एक डंपर समोरून आला. त्याचा भोंगा कसा असतो ते तिला ठाऊक होतं. तिनं श्वास रोखला. वाजव, तिच्यातली एक जण म्हणाली. नको रे बाबा, म्हणाली दुसरी. डंपरवाल्यानं सभ्यपणे गाडी कडेला घेतली आणि हात हलवून वाट दिली. असले रस्ते आणि असली माणसं! तिला त्या सभ्यपणाचा मनापासून संताप आला.

शेवटचा चढ चढल्यावर फाटक दिसलं. तिथे नणंद उभी होती. नणंदेचा आवाज म्हणजे, टेकडीवर टेलिफोन लागत नाही म्हणून तिचं कधी अडलं नव्हतं. धूड दिसताच तिनं दोन्ही हात वर केले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आता सुटला असता तो आवाज. फाटकाच्या चार हात अलीकडे. ना चिमटा, ना हलवणं, पूर्ण नियमात बसणारा. विकलं असतं धूड, आली असती शहाणी गाडी, सुटली असती ती दोरी.

पण ती स्वतःच खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली, बोट ओठांवर गेलं, आणि तोंडातून असा काही ‘शूऽऽऽ’ निघाला, की फाटकावरचा कावळा उडाला आणि नणंदेचं तोंड झाकण बसल्यासारखं मिटलं.

धूड फाटकातून आत गेलं. नवऱ्यानं इंजिन बंद केलं.  गोटू झोपला होता.

सासूबाईंनी एक डोळा उघडला. “हरलीस गं बाई,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणी हरवलं असतं तर मी तुझी बाजू घेतली असती, पण तू तर स्वतःच स्वतःला हरवलंस.”

दिवसभर नवऱ्याची छाती इतकी फुगलेली होती, की शॉकवाल्याची पिशवी तिच्यापुढे काहीच नाही. नणंदेच्या नवऱ्याला त्यानं गाडीखाली झोपवून दोन्ही शॉक दाखवले. “हवेचा खेळ आहे सगळा!” कपाट उतरलं, शिवणयंत्र उतरलं, फरश्या, पोती, भांडी उतरली. ती ओसरीवर गोटूला मांडीवर घेऊन बघत होती. एकेक वस्तू उतरली की धुडाची शेपटी थोडी वर यायची. तिच्याशिवाय कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

पैज जाताना होती, येताना नव्हती. परतीचा रस्ता तोच होता.

निघताना गोटू जागा होता. पहिल्या उतारावर लहानशा दगडावरून चाक गेलं आणि धूड मागून असं उडालं, की सासूबाईंचा चष्मा नाकावरून ओठांवर आला. दुसऱ्या दणक्याला हौद्याचं फळकूट किंचाळलं. गोटूचं डोकं तिच्या तळहातावर आपटलं. तळहात होता म्हणून. आणि तो गप्प झाला. डोळे मोठे, ओठ बाहेर, श्वास आत. तोच क्षण.

“थांबव.”

“अगं, जरासा खडबडीत आहे, आता पुढे—”

“थांबव म्हणते ना!”

गोटूनं तोवर भोकाड पसरलं होतं. तिनं त्याला पुढे सासूबाईंच्या मांडीत दिलं, दाराची दोरी सोडली, उतरली आणि तरातरा गाडीच्या मागे गेली. नवरा मागे आला तेव्हा ती नंबराच्या पाटीपाशी उकिडवी बसून एका नळीच्या तोंडावरचं टोपण काढत होती.

“काय करतेस?”

“हवा जास्त आहे.”

“हवा जास्त म्हणजे मऊ—”

“भार असेल तर. तुझी ही हवा वाळूच्या पोत्यांची आहे. जाताना कपाट होतं म्हणून मऊ लागली. आता हौद्यात काय आहे? वारा! दाबून बघ.”

त्यानं दाबून बघितलं. मग जरा जोर लावून बघितलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“बाबागाडीनं.”

“कधी?”

तिनं टोपणाच्या टोकानं आतली खीळ दाबली. लगेच बोलायची गरज पडू नये, एवढा आवाज त्यातून आला.

“काल,” ती शेवटी म्हणाली.

नवरा तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उजाडत गेली: काल, टॉवेल, सकाळचं कपाट, तिचा चिरका आवाज. “म्हणजे सकाळी तू मला तसंच... रिकाम्या गाडीनं...”

“हो.”

“गोटूला घेऊन?”

“हो रे बाबा, हो. उशा घेतल्या होत्या दोन. मान धरणार होते.” तिचे डोळे भरून आले. “एकदाच उठला असता, असं वाटलं.”

 बायको आपल्यापेक्षा जास्त घाबरते हे त्याला माहीत होतं. आपल्यापेक्षा जास्त लबाड आहे, ही बातमी नवी होती. आपण स्वतः कपाटाच्या जिवावर दिवसभर मिरवलो, हेही त्याला बहुधा तेव्हाच आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

“मग फाटकाशी ‘शू’ का केलंस?”

“तोंडातून गेलं.”

त्याला हसू फुटलं. तिला आलं नाही, पण नाक ओढताना आवाज मात्र हसण्यासारखाच झाला.

“विकू या,” तो म्हणाला. “खरंच. तू म्हणतेस ते बरोबर आहे. मला हवेतलं काही कळत नाही.”

“थांब जरा. बोलू नकोस.” ती कान लावून दुसऱ्या नळीकडे सरकली होती. “सगळी सोडायची नाहीये. पिशवी दुमडते. मागे दाब बघू, मी सांगेपर्यंत. अजून. हं, बघ, आता कशी दबते! इकडची जरा जास्त राहिलीय, आईंच्या बाजूची.”

“आई ऐकतेय.”

“मला सगळं ऐकू येतं,” पुढून सासूबाई म्हणाल्या. “पण तुम्हाला काही ऐकू येतंय का?”

दोघांनी कान दिला. गोटूचं रडणं ऐकू येत नव्हतं. नळीतून हवा बाहेर पडत होती, बारीक, लांब, न तुटणारी, शूऽऽऽ, आणि मांडीवरचा गोटू रडता रडता मध्येच तो आवाज ओळखून थांबला होता. त्याच्या पापण्या खाली येत होत्या.

“हे धूडही तुझ्यावरच गेलं गं,” सासूबाई हळूच म्हणाल्या.

तिनं खीळ सोडली नाही. खरं तर हवा आता पुरेशी उतरली होती, आणखी उतरली असती तर बरं नव्हतं. तिनं वर न बघताच नवऱ्याला खूण केली: पंप काढ. तो पाय न वाजवता जाऊन सीटखालचा पंप घेऊन आला. तो आवाज तुटू नये म्हणून उजव्या बाजूची हवा ती सोडत राहिली आणि डाव्या बाजूची तो बेताबेतानं भरत राहिला. मग डावी तिनं घेतली, उजवी त्यानं. समोर दरी, मागे खाण, मध्ये आडवं उभं धूड. गोटूची मान पुरती कलेपर्यंत ते दोघं तिथेच बसून होते.

त्याच वेळी खालून तो सकाळचा डंपर वर आला. वाट अडलेली बघून डंपरवाल्यानं काच खाली केली आणि भोंग्याकडे हात नेला.

तिघांनीही ओठांवर बोट ठेवलं.